टेल्युरियमचं वजन

"मॅडम, बीच में इतना जगह खाली था, तो मैंने सेट कर दिया."

हरेशभाईंनी हे इतक्या अभिमानानं सांगितलं की मला वाटलं, आता टाळ्या वाजवाव्या लागणार. उल्हासनगरला, सिंधी वस्तीत, कॅम्प तीनमध्ये त्यांचं फ्लेक्स छापायचं दुकान. बाहेर मे महिन्याचं ऊन, आत शाईचा उग्र वास, आणि टेबलावर पसरलेली माझी आठ फुटी आवर्तसारणी. म्हणजे ते पिरिऑडिक टेबल हो, दहावीत सगळ्यांना छळतं ते! बदलापूरला ज्या क्लासमध्ये मी केमिस्ट्री शिकवते, तिथल्या भिंतीवर लावायचं होतं.

तर हरेशभाईंनी ते "सेट" केलं होतं. वरच्या बाजूची मोकळी जागा बुजवून टाकली होती. हायड्रोजन बिचारा डावीकडे एकटा पडलेला, त्याला मधोमध आणून बसवला होता. खालच्या दोन सुट्या ओळी "लटक रहे थे", म्हणून वर ओढून घेतल्या होत्या. सगळं कसं छान चौकोनी! आणि उरलेल्या जागेत आमच्या क्लासच्या मालकांचा हसरा फोटो, खाली 'प्रवेश सुरू'.

"हरेशभाई, ये क्या किया? हेलियम लोहे के सर पे बैठा है!"

"तो? अच्छा नहीं दिख रहा?"

पाठीमागे कोणीतरी फिस्सकन हसलं. मी वळून बघितलं. एक तरुण उभा, बगलेत दोन बोर्ड – 'हेल्मेट वापरा' आणि 'सावधान, आम्ल' – आणि चेहऱ्यावर हसू दाबायचा अगदी फसलेला प्रयत्न.

"हसायला काय झालं?" मी विचारलं. मला राग आला की समोर कोण आहे ते मी बघत नाही.

"नाही, म्हणजे... सॉरी. हेलियमला एवढा मोठा फ्लॅट पहिल्यांदाच मिळाला असेल." मग तो पुढे आला, बोर्ड खाली ठेवले आणि हरेशभाईंना समजवायला लागला. "साईं, ये बिल्डिंग समझो. ऊपर से नीचे एक लाइन में एक ही खानदान रहता है. दादा ऊपर, पोता नीचे, स्वभाव सबका एक. खाली जगह भर दी, तो सब लोग दूसरे के घर में घुस गए ना?"

हरेशभाईंनी विचार केला. "किराया बराबर दे तो क्या प्रॉब्लेम है?"

आता मलाही हसू आवरेना. त्या दुकानात, त्या उकाड्यात, आम्ही दोघं अनोळखी माणसं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. हरेशभाई दोन दिवसांत पुन्हा छापून द्यायला तयार झाले – फोटो मात्र ठेवणारच म्हणाले.

"यज्ञेश," बाहेर आल्यावर तो म्हणाला. "अंबरनाथ एमआयडीसी. क्वालिटी कंट्रोल."

"राजसी. बदलापूर. माझ्याकडे क्वालिटी आहे, कंट्रोल नाही."

"दिसलं ते." तो थांबला. "दाल-पकवान खाता?"

"अनोळखी माणसांबरोबर नाही."

"मग परवा खाऊ. परवा मी अनोळखी नसेन. मला बोर्ड न्यायला यायचंच आहे."

"बोर्ड तर हातात आहेत तुमच्या."

त्यानं हातातल्या बोर्डांकडे असं बघितलं, जणू ते आत्ताच उगवले. "हो, पण... तपासले कुठे आहेत अजून?"

परवा मी गेले. आणि हो, केसांना क्लिप जरा बरी लावून गेले. आता हसा.

*

जूनमध्ये नवी बॅच सुरू झाली. भिंतीवर आवर्तसारणी लागली, मोकळ्या जागा मोकळ्या ठेवून, एका कोपऱ्यात मालकांच्या हसऱ्या फोटोसकट. आणि दर रविवारी यज्ञेश यायला लागला.

निमित्त काय, तर नमुने. "पोरांनी नुसती अक्षरं पाठ करायची का? वस्तू बघू देत," म्हणाला. मग एकेक आणायला लागला. जस्ताचे तुकडे, तांब्याचा कीस, गंधकाची पिवळी पूड, बंद काचनळीत आयोडीन – नळी हातात धरली की आत जांभळी वाफ तरंगायची. आणि एका जाड बाटलीत, रॉकेलमध्ये बुडवलेला सोडियमचा बारीकसा तुकडा. "याला हात लावायचा नाही. पाणी दिसलं की याचं डोकं फिरतं," तो पोरांना म्हणाला. "आणि याच्या खालचा पोटॅशियम बघा. त्याचं जास्तच फिरतं. एकाच घरातले ना."

पोरं नुसती बघत बसायची. तो फळ्यावर लिहायचा – प्रत्येक मूलद्रव्याचा एक नंबर असतो. त्याच्या पोटात किती प्रोटॉन, तो त्याचा नंबर. एकेक वाढवत ओळीनं मांडत जायचं. काही अंतर गेलं की पुन्हा पहिल्यासारख्या स्वभावाचा कोणीतरी येतो. मग त्याला पहिल्याच्या खाली बसवायचं आणि नवी ओळ सुरू करायची.

"म्हंजे क्यालेंडर, सर," मागच्या बाकावरून रविना बोलली. बारवी धरणाच्या बाजूच्या वाडीतली पोर, रोज दोन गाड्या बदलून येते. "रविवाराखाली रविवार येतो ना, तसं."

"शाब्बास! फक्त यातले आठवडे सारखे नसतात. वरचे छोटे, खालचे लांबलचक. म्हणून वर जागा मोकळी राहते."

"आनि सर, तुमी रविवारीच कसे येता?"

सगळा वर्ग खिदळला. यज्ञेशचे कान लाल झाले. मी डस्टर आपटला, पण त्यात काही दम नव्हता. पोरांना कळतं हो सगळं.

वर्ग सुटला की आम्ही रिकाम्या बाकांवर बसायचो. तो बाटल्या पुसायचा, मी पेपर तपासायचं नाटक करायची.

"तू कुठल्या रांगेतली, सांगू?" एकदा तो म्हणाला. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, आठवत नाही. "शेवटच्या. हेलियम, निऑन. कोणाकडून काही नको, कोणाला काही द्यायचं नाही. आपल्याच तोऱ्यात."

"हे वाक्य याआधी किती जणींना सांगितलंस?"

"एकीला. तिला केमिस्ट्री येत नव्हती. वाया गेलं."

असा होता तो. हातातली बाटली पुसता पुसता असं काही बोलून जायचा की मी तपासत असलेल्या पेपरवर दोनदा मार्क द्यायची. एखाद्या पोराचं त्यात भलंही झालं असेल.

पण एक गोष्ट मी सांगितली नव्हती. माझं वय. मी चौतिशीची. चेहऱ्यावरून कळत नाही, असं सगळे म्हणतात. कांदेपोहे खाऊन गेलेले सगळेही म्हणाले होते, आणि मग जन्मतारीख बघून निरोप पाठवला होता. यज्ञेश लहान होता हे मला दिसत होतं. किती लहान, ते मी विचारत नव्हते. विचारलं की संपणार, हे ठाऊक होतं मला.

*

जुलैत एका सकाळी उल्हास नदी चढायला लागली. बदलापूरच्या मांजर्लीत राहणाऱ्याला हे नवीन नाही. पाऊस रात्रभर लागला की आम्ही उठल्याबरोबर गॅलरीतून नदीकडे बघतो, मग चहा ठेवतो. क्लास आमच्याच गल्लीत, तळमजल्यावर. मालकांचा फोन आला – बेंच राहू देत, कॉम्प्युटर तेवढे वर न्या. मी छत्री घेऊन धावले. रस्त्यावर घोट्याएवढं पाणी होतं.

कॉम्प्युटर हलवून झाले, आणि दारात यज्ञेश. डोक्यापासून पायापर्यंत चिंब, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली.

"तू? अंबरनाथहून? आणि कंपनी?"

"सोडियम कुठाय?"

"काय?"

"राजसी, सोडियम! बाटली फुटून पाण्यात पडली तर..." आणि तो थेट कपाटाकडे गेला. बाटली दोन्ही हातांनी छातीशी धरून, एकेक पायरी जपत जिन्यानं वर. मी त्याच्यामागे आयोडीन, गंधक, जस्त ओढणीत बांधून. पहिल्या मजल्याच्या पायऱ्यांवर आम्ही टेकलो. खाली रस्त्यावरून कोणाचीतरी चप्पल वाहत चालली होती. तो थरथरत होता, आणि बाटली काही सोडत नव्हता.

"एवढ्याशा तुकड्यासाठी आलास एवढ्या पावसात?"

"तुकड्यासाठी नाही." तो माझ्याकडे बघेना. "बाटलीसाठीही नाही... कळतंय ना तुला?"

कळत होतं. महिनाभर कळत होतं. तोंडातून मात्र, माझ्या स्वभावाप्रमाणे, भलतंच बाहेर पडलं. "मी चौतीस वर्षांची आहे."

"मी एकोणतीस," तो म्हणाला.

"मग? जा आता घरी."

"तुला टेल्युरियम माहीत आहे ना?"

"मी केमिस्ट्री शिकवते, भेंडी नाही विकत."

"मग ऐक. तेव्हा प्रोटॉन वगैरे कोणाला माहीत नव्हते. मेंडेलीव्हनं सगळी मूलद्रव्यं वजनानं लावायला घेतली. हलकं आधी, जड नंतर. बरोबर? आणि मग आला टेल्युरियम. आयोडीनपेक्षा जड. वजनानं लावलं तर आयोडीन आधी यायला हवा. पण आयोडीनचा स्वभाव क्लोरीन-ब्रोमीनच्या घरचा, टेल्युरियमचा गंधकाच्या घरचा. काय केलं त्यानं?"

"टेल्युरियम आधी बसवला." मी म्हणाले.

"वजन बघितलं नाही. स्वभाव बघितला. आणि जागा बरोबर निघाली. आजही तशीच आहे, तुझ्या भिंतीवर."

"म्हणजे मी जड?"

"म्हणजे तू आधी, मी नंतर. त्यात कोणाचं काय जातं?" आणि त्यानं बाटली हळूच पायरीवर ठेवून माझा हात धरला. त्याची बोटं गार पडली होती आणि तळव्याला रॉकेलचा वास येत होता. मला आयुष्यात इतका चांगला वास कधी आला नव्हता. मी रडले. चक्क हुंदके देऊन. मला त्या दिवसापर्यंत कोणी सांगितलंच नव्हतं हो, की माझी जागा बरोबर आहे.

पाणी क्लासच्या उंबऱ्याशी येऊन परत फिरलं.

*

पुढचे महिने म्हणजे... सांगायला गेलं तर काहीच नाही. तो चिखलोलीला राहायचा, आईबाबांबरोबर, नव्या कॉम्प्लेक्समध्ये. तिथे स्टेशन होणार, या भरवशावर सगळ्यांनी फ्लॅट घेतलेले. मी त्याच्या बिल्डिंगखालच्या टपरीवर चहा प्यायला जायची, पण वर कधी गेले नाही.

"आईला कधी सांगणार?"

"स्टेशन झालं की."

"यज्ञेश!"

"गंमत गं. गणपती होऊ देत."

गणपती झाले. मग अस्मिताचं, त्याच्या बहिणीचं, बाळंतपण आलं. मग दिवाळी. मग म्हणाला, आईची शुगर वाढलीये. मी समजून घेतलं. समजून घ्यायला मला फार आवडायचं तेव्हा. त्याच्या आईला, वृंदाकाकूंना, मी मनातल्या मनात फार घाबरायची. मला एकच हवं होतं – त्यानं एकदा, घरच्यांसमोर उभं राहून, मी आहे तशी, माझ्या वयासकट, 'ही माझी' म्हणावं. बाकी लग्न हॉलमध्ये करू की रजिस्टर, साखरपुड्याला श्रीखंड की जिलबी, काही नको.

संक्रांतीनंतर एका दुपारी फोन आला. "सांगितलं!"

"काय सांगितलंस?"

"सगळं! आईनं फोटो बघितला. म्हणाली, गोड आहे मुलगी. रविवारी येतोय आम्ही."

मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन आईला मिठी मारली. आईच्या हाताला कणीक होती, ती माझ्या पाठीला लागली. ती रडली, मी रडले, बाबा पेपर खाली न ठेवता नुसते "वा, वा" म्हणत राहिले. आईनं त्याच दिवशी पडदे धुतले.

शनिवारी दुपारी तो नदीकाठी भेटायला आला. हिवाळ्यात नदी अगदी गरीब दिसते, मधले खडक उघडे. तो बराच वेळ खडे फेकत बसला.

"एक छोटीशी गोष्ट आहे," म्हणाला.

"बोल."

"म्हणजे... उद्या आई वयाचं विचारेल कदाचित. तर अठ्ठावीस सांग."

मला वाटलं, चेष्टा करतोय. हसलेसुद्धा मी.

"मी तसंच सांगितलंय घरी. ऐक ना, नुसतं सांगायचं तर आहे! पत्रिका पण केलीये मी. तोच महिना, तीच तारीख, फक्त साल बदललं. गुरुजी म्हणाले, बत्तीस गुण जुळतात."

"माझे?"

"हं?"

"माझे जुळतात, का त्या अठ्ठावीस वर्षांच्या बाईचे?"

"राजसी, प्लीज. सहा वर्षं. एवढंच."

"कोणती सहा काढलीस?" मी विचारलं. "सुरुवातीची का शेवटची? एमएससी त्यात गेली का? आजीला मी शेवटचे दिवस भरवत होते, ते गेले? का तुझी वाट बघितली ते पण त्यातच?"

"तू ना प्रत्येक गोष्टीचं..." त्यानं खडा फेकला. "एकदा लग्न होऊ दे. मग आईला कळलं तरी काय करणार आहे ती?"

मी उठून चालायला लागले. तो हाका मारत होता. आणि चालता चालता मला टेल्युरियमची उरलेली गोष्ट आठवली. यज्ञेशनं मला जिन्यात अर्धीच सांगितली होती. पूर्ण गोष्ट अशी आहे. मेंडेलीव्हनं टेल्युरियम आधी बसवला खरा, पण जड वस्तू आधी बसते हे त्याला सोसलं नाही. तो म्हणाला, वजन करणाऱ्यांचीच चूक झाली असणार. त्यांनी एकशे अठ्ठावीस सांगितलं होतं. यानं आपल्या तक्त्यात एकशे पंचवीस लिहून टाकलं, म्हणजे आयोडीनपेक्षा कमी. नंतर लोकांनी टेल्युरियम पुन्हा पुन्हा शुद्ध केला, पुन्हा पुन्हा तोलला. तो जडच भरला. त्याची जागा बरोबर होती, त्याचं वजनही बरोबर होतं. चूक फक्त त्या कमी करून लिहिण्यात होती. पुढे प्रोटॉनचे नंबर कळले, तेव्हा कुठे हा घोळ मिटला. हे सगळं मी दर वर्षी पोरांना शिकवते, आणि माझ्या बाबतीत अर्ध्या गोष्टीवर भाळले. मूर्ख कुठली!

घरी येऊन आईला सांगितलं. मला वाटलं, आई पदर खोचून उठेल. आई म्हणाली, "मग काय झालं? अठ्ठावीस तर अठ्ठावीस."

"आई!"

"मी तुझ्या बायोडेटात दोन वर्षं कमीच घालत आले, राजू. तुला काय वाटलं, लोक आपोआप यायचे का बघायला?" तिनं माझ्याकडे बघितलं नाही. "गप्प बस उद्या. एवढं एक कर माझ्यासाठी."

*

रविवारी दुपारी ते आले. वृंदाकाकू, यज्ञेशचे बाबा शशिकांतकाका, आणि यज्ञेश – इस्त्रीचा निळा शर्ट, केस चापून बसवलेले. आणि मला राग यावा की नाही, पण काकू मला आवडल्या. मी ज्यांना इतके महिने घाबरत होते, त्या नुसत्या ठेंगण्याशा, हसऱ्या बाई निघाल्या. आल्या आल्या म्हणाल्या, "केवढा छान वास येतोय पोह्यांचा! कढीपत्ता घरचा का?" आमच्या गॅलरीतली तुळस बघितली, माझ्या हाताला धरून शेजारी बसवलं. "यज्ञेश सांगतो, फार छान शिकवतेस. मला त्या केमिस्ट्रीनं अकरावीत घरी बसवलं बाई."

मी हसत होते. यज्ञेश माझ्याकडे बघून डोळ्यांनी विनवत होता. आणि मला वाटायला लागलं, होऊ दे. काय जातंय? इतकी चांगली माणसं. एक आकडा, नुसता एक आकडा... खरंच सांगते, मी गिळणार होते ते.

"आमची अस्मितापण अठ्ठावीसचीच," काकू म्हणाल्या. "म्हणजे तुम्ही एकाच वर्षी दहावीला. ते वर्ष काय कठीण गेलं होतं गणिताला, आठवतं ना?"

त्या माझ्याकडे किती विश्वासानं बघत होत्या! माझ्या हातावर अजून त्यांचा हात होता. मला त्या वर्षीचं काही आठवत नव्हतं. त्या वर्षी मी एमएससी करत होते.

"काकू," मी म्हणाले, "मी चौतीस वर्षांची आहे."

आईच्या हातातल्या ट्रेमधले कप वाजले. काकूंनी आधी माझ्याकडे बघितलं, मग यज्ञेशकडे. "यज्ञेश? तू तर..."

आता! मी मनात म्हटलं. आता बोल. 'हो आई, मला माहीत होतं, मीच खोटं सांगितलं, मला ही हवी आहे.' एवढंच. जिन्यात बोलला होतास तसं बोल. मी त्याच्याकडे बघत राहिले. तो बशीतल्या पोह्यांकडे बघत होता, आणि शेवटी मान वर न करता म्हणाला –

"मला... मला हिनं अठ्ठावीसच सांगितलं होतं."

माझ्या मांडीवर फोन होता. त्यात त्यानं पाठवलेली पत्रिका होती, 'साल तेवढं लक्षात ठेव' असा मेसेज होता, खाली लाल बदाम होता. बोट फिरवायचा अवकाश. आई तोंड उघडणार होती, मी तिचं मनगट धरलं.

"हो काकू," मी म्हणाले. "मीच सांगितलं होतं."

विचाराल, माझ्यासारखी तोंडाळ बाई अशी का वागली? मोठं मन वगैरे काही नाही हो. मी फोन दाखवला असता तर तो उघडा पडला असता, रडला असता, संध्याकाळी माफी मागत दारात आला असता... आणि मी त्याला आत घेतलं असतं. मला माझी खात्री नव्हती. म्हणून मी दोर कापला, आणि तोही माझ्याच हातावर सुरी चालवून. तेव्हा कुठे त्यानं मान वर केली. त्याच्या तोंडावर काय होतं माहीत आहे? सुटका. पेपर कठीण असूनही पास झालेल्या पोराच्या तोंडावर असते तशी. माझं ज्याच्यावर प्रेम होतं, त्या माणसाचं ते तोंड मला कधीही बघायला मिळालं नसतं तर बरं झालं असतं.

काकूंनी माझ्या हातावरचा हात काढून घेतला. रागानं नाही, अगदी सावकाश. "पाच वर्षांचं मला काही नव्हतं गं," त्या म्हणाल्या. "माझी थोरली जाऊ दिरापेक्षा मोठीच आहे, तीस वर्षं झाली, सुखात आहेत. खरं सांगितलं असतंस तर मी हो म्हणाले असते. पण खोट्यावर घर नाही गं उभं राहत." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी खाली बघितलं. यज्ञेशनंही खाली बघितलं.

ते गेले. आईनं पोह्यांच्या बश्या तशाच ठेवल्या आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. बाबा गॅलरीत उभे राहिले. मी खुर्चीवर बसले होते. काकूंचं 'मी हो म्हणाले असते... हो म्हणाले असते.' डोक्यात तेवढंच.

तेवढ्यात बेल वाजली. मी धावले. खरंच धावले, एक चप्पल पायातून सुटली. त्या सगळ्यानंतरही माझे पाय धावले.

दारात शशिकांतकाका होते. दोन मजले चढून धाप लागलेली. "चष्मा राहिला," म्हणाले.

टीपॉयवर होता. मी आणून दिला. त्यांनी तो हातात घेतला, डोळ्यांवर लावला नाही. आख्ख्या दुपारभर त्यांनी एक शब्द काढला नव्हता. आता हळूच म्हणाले, "तू नाही सांगितलंस ते. त्यानंच सांगितलं. पोरगा खोटं बोलला की बशीत बघतो, मला माहीत आहे."

"मग काका, तुम्ही बोलला का नाहीत?"

खाली गाडीचा हॉर्न वाजला. त्यांनी जिन्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांच्या नजरेत इतकी माया होती की मला भीती वाटली.

"घरात शांतता राहावी एवढंच बघत आलो गं, बाळ," ते म्हणाले. "सवय झाली."

आणि कठड्याला धरून, एकेक पायरी जपत, खाली उतरून गेले.

मी दारात उभी राहिले. काकांमध्ये तीस वर्षांनंतरचा यज्ञेश मला इतका स्पष्ट दिसला होता, अगदी टक्कल आणि धाप लागण्यासकट. त्याच्या बायकोच्या जागी मी असते. सुटले, असं वाटायला हवं होतं मला. नाही वाटलं. मी दार लावलं आणि तिथेच, चपलांच्या बाजूला बसून, त्याच म्हाताऱ्यासाठी रडले.